सोनोग्राफीच्या आदल्या रात्री सराफा नको

मी इंदूरला एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते. फोनवर सांगितलेलं लोक अर्धंच ऐकतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. सकाळची वेळ घ्या, उपाशी राहण्याचा बराचसा वेळ झोपेत निघून जातो. रात्री लवकर मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, बास. सराफ्यातले, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातले, गराडू (तळलेला कंद) दुसऱ्या दिवशी खा. छोले, राजमा, कोबी, सोडा यांनी गॅस होतो, आणि गॅसमधून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. स्वादुपिंड तर जठराच्या मागेच, ते मग झाकूनच जातं.

पित्ताशयासाठी उपाशीपोट सगळ्यात महत्त्वाचं. काही खाल्लेलं नसलं की ते पित्ताने भरलेलं असतं, आतले खडे नीट दिसतात. तूप, तेल, दूध पोटात गेलं की ते आकसतं आणि त्याची भिंत उगाच जाड दिसते. म्हणून "घोटभर चहा चालेल ना?" याला माझं उत्तर नाही असंच. उपासाची साबुदाणा खिचडीही नको, तिच्यात दाण्याचं कूट नि तूप असतंच की! एक काका "काहीच खाल्लं नाही हो" म्हणत होते. मिशीत शेव, हाताला पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा वास. पोह्यांपुढे इंदूरकराचं काही चालत नाही.

सकाळी सावकाश फिरून आलात तर हरकत नाही. जिम, धावणं, सूर्यनमस्कार मात्र तपासणी झाल्यावर. जोरदार व्यायामात रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्यांकडे कमी जातं. जेवल्यावर याच्या उलट. डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) किंवा यकृताची इलास्टोग्राफी (यकृत किती कडक आहे ते मोजणं) लिहिलेली असेल तर या फरकाने आकडे बदलू शकतात. शिवाय धापा टाकत टेबलावर पडलात तर "श्वास रोखा" म्हटल्यावर रोखणार कसा?

चिठ्ठीवर ओटीपोटही असेल, म्हणजे गर्भाशय, प्रोस्टेट, मूत्राशय, तर तासभर आधी तीन-चार ग्लास साधं पाणी प्या आणि लघवी रोखून धरा. घाम गाळून आलेल्यांचं मूत्राशय भरायला वेळ लागतो, ते बाकावर ताटकळतात. डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर आधी त्यांना विचारा.

बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर चालते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घ्यायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि नंबर पहिलाच मागा. हात थरथरले, घाम फुटला तर सोनोग्राफी राहू द्या, साखर खा नि आम्हाला लगेच सांगा.