सरकारी विद्यापीठातून नर्सिंगची पदवी: पर्याय आणि पसंतीक्रम

महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आधी आपला दरवाजा ओळखा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर चार वर्षांची, आठ सेमिस्टरची बीएस्सी. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) झालेल्या नोंदणीकृत नर्ससाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी. बीएस्सीनंतर वर्षभर काम केलं असेल तर दोन वर्षांची एमएस्सी. ‘आर्ट्सवाल्यांना नर्सिंग बंद’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका: जीएनएम ही पदविका त्यांनाही करता येते आणि तिथून पोस्ट बेसिकने पदवी गाठता येते.

बीएस्सीसाठी राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंग सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्या. मग कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी करा.

कागदपत्रांत अडकवतं ते जात पडताळणी प्रमाणपत्र. समितीकडे वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावीतच टाका. नॉन क्रिमीलेअरवरची मुदतीची तारीखही वाचा. ती संपलेली असली तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

आता कॅपमध्ये भरायचा कॉलेजांचा पसंतीक्रम. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही सल्ल्यामुळे. ‘मिळेल तेच कॉलेज वर टाक’ हे साफ चूक आहे. वाटप गुणवत्तेच्या क्रमाने होतं. तुमचा नंबर आला की यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे पहिली जागा बसते तिथे थांबते. त्यामुळे आवडतं पण अवघड कॉलेज वर टाकून काहीच गमावत नाही. सोपं कॉलेज वर टाकलंत, तर खालचं चांगलं कॉलेज मिळत असूनही त्याचा विचारच होत नाही. क्रम इच्छेचा लावा, शक्यतेचा नव्हे.

मग इच्छा कशावर ठरवायची? रुग्णालयावर. इमारत आणि बस पाहून नको. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय किमान शंभर खाटांचं हवं. पण खाटा मोजून थांबू नका, दुपारी वॉर्डात डोकवा. खाटा रिकाम्या असतील तर सलाइन लावायला, ड्रेसिंग करायला हात कुठे बसणार? प्रसूती विभाग चालू आहे का, हेही विचारा. प्रसूतीच्या नोंदी भरल्याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. सरकारी कॉलेजं याच कारणाने वर ठेवा, फी कमी हा वरचा फायदा.

जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकू नका. जागा मिळाल्यावर पुढच्या फेरीत बदल हवा की तीच कायम ठेवायची, हे माहितीपुस्तिकेतले नियम वाचूनच ठरवा: वरची पसंती लागली की आधीची जागा सुटते, परत मिळत नाही.

यादी लॉक करा आणि प्रिंट काढून ठेवा.