कृषी केंद्राची उधारी टॅलीत कशी ठेवायची, सोयाबीन निघायच्या आधीच बघून घ्या

यवतमाळ जिल्ह्यात आमचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं जूनपासून उधारीत जातं आणि पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर नाहीतर कापूस विकल्यावर. टॅली प्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर घेतलं तरी पहिल्या वर्षी दिवाळीत काउंटरवर वाद झालेच, कारण आम्ही बिलं रोज टाकायचो पण जमा कशीही टाकायचो.

पहिलं काम खात्याचं. एका गावात एकाच नावाचे तीन कास्तकार असतात, म्हणून लेजरच्या, म्हणजे खात्याच्या, नावात बापाचं नाव आणि गाव टाकाच, आणि एलियासमध्ये, म्हणजे खात्याच्या दुसऱ्या नावात, मोबाईल नंबर, मग नंबर टाकला की बरोबर तोच माणूस समोर येतो. ग्रुप संड्री डेटर्स (ज्यांच्याकडून येणं आहे ते) ठेवा आणि 'मेंटेन बॅलन्सेस बिल बाय बिल' (बाकी बिलागणिक ठेवणं) ला येस करा, हे नो राहिलं तर पुढचं काहीच जमत नाही. जुनी वहीतली बाकी एका आकड्यात टाकू नका, बिलाबिलाने तारखेसकट टाका, आम्हाला दोन रविवार लागले पण लागू द्या.

क्रेडिटचे दिवस शहरातल्यासारखे 30 ठेवले तर जुलैमध्येच अख्खं गाव थकबाकीत दिसेल, त्या यादीचा उपयोग काय. 10 जूनच्या बिलाला 150 दिवस दिले की मुदत 7 नोव्हेंबरला येते, तोवर सोयाबीनचा चुकारा हातात आलेला असतो. ज्याच्याकडे नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे त्याला अजून जास्त द्या, बिल करतानाच दिवस बदलता येतात.

आता खरा मुद्दा, जमा. समजा एकाचं 10 जूनचं बिल 14,600 चं, 18 जुलैचं फवारणीचं 6,350 चं, आणि ऑक्टोबरात त्याने 15,000 आणून दिले. एफ6 दाबून रिसीट, म्हणजे जमेची नोंद, करताना घाईत 'ऑन अकाउंट' (कोणत्याच बिलाशी न जोडता) केलं तर एकूण बाकी 5,950 बरोबरच दिसते, पण दोन्ही बिलं पूर्ण थकलेली दिसतात, आणि दुकानातला पोरगा यादी बघून त्याला फोन करतो की जूनचं बिल बाकी आहे. आमच्याकडे एक काका असेच आले होते, "मी तं पैसे देल्ले व्हते ना भाऊ, मंग फोन कायले केला?" माणूस खरा होता, चूक आमची होती, फार वाईट वाटलं. म्हणून 'अगेन्स्ट रेफ' (ठरावीक बिलासमोर जमा) घ्या, 14,600 पहिल्या बिलात, उरलेले 400 दुसऱ्यात. बिलाच्या आधीच पैसे देऊन ठेवले असतील तर 'ॲडव्हान्स'.

फोनवरून पैसे येतात तेव्हा बहुतेक वेळा पोराच्या नाहीतर जावयाच्या नावाने येतात, दुसऱ्या दिवशी कोणाचे ते आठवत नाही. 12 आकडी यूपीआय नंबर नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या शेऱ्यात, त्याच संध्याकाळी टाका आणि त्या कास्तकाराला विचारूनच जमा करा. माल परत आला तर रिसीट नाही करायची, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे बाकीतून कमी करणारी नोंद) करायची, तीही त्याच बिलावर.

दर सोमवारी ऑल्ट+जी दाबून बिल्स रिसीव्हेबल, म्हणजे येणं असलेल्या बिलांची यादी, उघडा, एफ6 ने एजिंग (कोणतं बिल किती दिवसांचं ते) लावा, ड्यू डेटप्रमाणे, म्हणजे मुदतीच्या तारखेप्रमाणे. आधी मुदत उलटून गेलेली मोठी बिलं बघा आणि फोन करायच्या आधी त्याचं शेत, त्याचं पीक डोळ्यासमोर आणा. बोंडअळीने ज्याचं गेलं त्याला नवीन तारीख विचारा, तो सांगेल ती टाका. हिशोबाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आधी पाठवा, त्याला बघू द्या, मग बोला.

आणि एक, उधार मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण 3 वर्षांची असते, मुदत संपायच्या आत त्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली तर त्या तारखेपासून परत मोजतात. म्हणून दर मार्चमध्ये स्टेटमेंटची प्रिंट काढून, वाचून दाखवून, तारखेसकट सही घेतो आणि एक प्रत त्यालाही देतो.