इंडियन राइसग्रास लावताय? निदान या चुका टाळा

अमेरिकेत युटा, नेवाडाकडे राहणारे आपले बरेच जण हल्ली अंगणात इंडियन राइसग्रास, म्हणजे तिथलं वाळवंटी रानगवत ज्याचं बी दळून खाता येतं, ते लावतात आणि मे महिना आला की तोच प्रश्न, एप्रिलमध्ये बी टाकलं, रोज पाणी घातलं, एकही कोंब नाही, बी खराब होतं का? अहो बी चांगलंच होतं, पेरायची वेळ चुकली.

या बियाचं काळं टरफल भयंकर टणक असतं, आणि आतला अंकुर झोपलेला असतो तो वेगळाच, ओल्या मातीत थंडी खाल्ल्याशिवाय तो सहसा उठत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा आणि हिवाळ्यावर सोपवा. रेताड जमिनीत 2 ते 3 इंच खोल, हो, एवढं खोल, कारण वरची वाळू लगेच सुकते. वाळवंटातले कांगारू उंदीर हे बी वाळूत पुरून ठेवतात आणि खायचं राहिलेल्यातूनच कितीतरी रोपं येतात, तेव्हा वरवर भुरभुरवून काही होणार नाही. मी तर एक-दोन वर्षं जुनं बीच पेरते, ताज्यापेक्षा बरं उगवतं.

दुसरं म्हणजे टरफलासकट दळणं. एका मैत्रिणीने घाई करून सगळं बी थेट मिक्सरला लावलं, भाजणं नाही, पाखडणं नाही, आणि पीठ निघालं ते करड्या रंगाचं, त्यात काळ्या कपच्या आणि पांढरी लव, भाकरी दाताखाली अशी करकरली की सगळं फेकावं लागलं. किती दिवस वेचलेलं बी होतं ते! तिथल्या पायूट या मूळ रहिवासी जमातीच्या बायका पसरट टोपलीत बी आणि निखारे एकत्र उडवत भाजायच्या, लव जळून जायची, टरफल ठिसूळ व्हायचं. मी लोखंडी कढईत थोडं थोडं घेऊन सतत हलवत भाजते, मग दगडाने हलकं रगडून सुपात पाखडते. वेळ जातो, जाऊ दे. ज्यांना शॉर्टकट हवाय त्यांनी हे बी खाण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अख्खा तुरा पिकायची वाट बघू नका, पिकलेलं बी लगेच गळतं. खाली कापड धरून दर दोन दिवसांनी तुरे झटका. गळती कमी हवी असेल तर रिमरॉक हे वाण घ्या.

नॅशनल पार्कात परवानगीशिवाय बी गोळा करू नका.

आणि तुऱ्यात बियाऐवजी लांबट, जांभळट काळी शिंगं दिसली तर तो अरगट, म्हणजे एक बुरशी, विषारी असतो, त्या झाडाचं काहीच खायला घेऊ नका.