लेआउटवरची काँक्रीटची भिंत: पोत सोडा, पाणी बघा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (रूळ, इमारती, भिंती असलेल्या छोट्या देखाव्यावर) काँक्रीट करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी वाळूकडे जातो. पण हिशोब करून बघा. एचओ हे मॉडेलचं माप म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या मापात चार सेंटिमीटरच्या पुढे जातो. एवढी खडी उघडी पडलेली भिंत साइटवर कोणी पास करणार नाही. माझा दिवस बांधकामावरच जातो, म्हणून ठामपणे सांगते: थोडं लांबून पाहिलं तर चांगलं काँक्रीट सपाटच दिसतं. ते ओळखू येतं शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्याच्या, जोडांवरून आणि पाण्याच्या ओघळांवरून.

रुळांलगत माती अडवणारी भिंत घेऊ. मी दीड मिलिमीटरची स्टायरीन (प्लास्टिकची) शीट वापरते, कडा धारदार राहतात. फोमबोर्डही चालतो, फक्त त्याच्या उघड्या कडा फिलरने बुजवाव्या लागतात. चारशे नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की शीटची चकाकी जाते आणि रंग धरतो.

शटरिंगच्या प्लायचं नेहमीचं माप आठ बाय चार फूट. एचओत ते २८ बाय १४ मिलिमीटर, एन स्केलला (१:१६०) साधारण १५ बाय साडेसात. या मापाच्या चौकटी पेन्सिलीने आखायच्या आणि कटरच्या पात्याच्या बोथट पाठीने एकदाच रेघ ओढायची. दोनदा ओढलीत तर खाच पडते आणि भिंत टाइल्स लावल्यासारखी दिसते. टाय रॉडची (शटरिंगच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या सळ्यांची) भोकं सुईच्या टोकाने, जेमतेम टोचून, सगळी एका ओळीत. काही चौकटींनंतर एक उभा जोड मात्र मुद्दाम खोल घ्या, तो भिंतीचा एक्स्पान्शन जोड (काँक्रीटला फुगायला-आकसायला सोडलेली फट).

काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी निळसर पडतो. मळकट पांढऱ्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अगदी किंचित काळा घाला. चौकटीगणिक छटा जराशी बदला: नवी-जुनी प्लाय पाणी कमीजास्त शोषते आणि तो फरक काँक्रीटच्या रंगात उतरतो. मग मॅट व्हार्निश, आणि ते पूर्ण वाळू द्या.

आता खरं काम. ब्रश उचलण्याआधी भिंतीकडे बघून ठरवा, पाऊस पडला तर पाणी कुठून उतरेल? माथ्यावरून, जोडांतून, मागचं पाणी सोडणाऱ्या भोकांतून. ओघळ तिथेच काढायचे. गडद तपकिरी ऑइल कलरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका वरच्या कडेला ठेवा. चपटा ब्रश थिनरमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करा आणि ठिपका सरळ खाली ओढा. ओघळ वर गडद, खाली विरत जाणारा हवा. ब्रश आडवा अजिबात फिरवू नका. एखाद्या भेगेखाली पांढरट रेघ द्या. आत झिरपलेलं पाणी काँक्रीटमधला चुना बाहेर आणतं आणि हवेत तो पांढरा होऊन बसतो. गंज फार तर एकदोन ठिकाणी, सळईवरचं काँक्रीट उडालंय असं दाखवलं असेल तिथेच. मला विचाराल तर गंजाने जितक्या भिंती बिघडतात तितक्या दुसऱ्या कशानेच नाहीत.

पायथ्याशी ब्रेकच्या धुळीचा तपकिरी थर रंगाच्या कोरड्या पावडरने द्या, वर जाताना विरळ करत. पावडरवर व्हार्निश फवारलं की ती फिकी पडते. म्हणून ती सगळ्यात शेवटी, भिंत जागेवर चिकटवल्यानंतर, आणि लेआउटच्या दिव्याखालीच लावा.