प्रगतिपुस्तक मिटा, पोराला वाचायला बसवा

गेल्या आठवड्यात शेजारची सून लेकाचं प्रगतिपुस्तक घेऊन आली. तिसरीतलं पोर, भाषेत अ-2. "बाई, अ-2 म्हणजे चांगलंच ना?" मी पोराला हाक मारली, ओट्यावरचं वर्तमानपत्र हातात दिलं आणि ठळक मथळा वाचायला सांगितला. पहिल्याच जोडाक्षराला गाडी अडली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं काढली, शेवटची काही केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, म्हणून. अ-1, अ-2 माझ्याही हातानं पुष्कळ भरलेत. मार्चअखेरीला कसे भरले जातात ते मला नका विचारू. म्हणून तुम्ही पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर एका सकाळी स्वतः बघून या. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत आणि निम्म्या बायका, ते काही 15 ऑगस्टला नारळ फोडण्यासाठी नाही.

जायचं मंगळवारी किंवा बुधवारी. सोमवारी पटावरची बरीच पोरं गायब असतात, शनिवारी शाळा अर्धी. खिचडी खाल्ल्यावर पोरं पेंगतात, त्यामुळे परिपाठ संपला की लगेच. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगा. न सांगता गेलात तर ती धाड होते आणि पुढचे सहा महिने कुणी तुमच्याशी मोकळं बोलत नाही. पण पोरं तुम्ही निवडा. "चला, बोलवा कुणालाही" म्हणालात की वर्गातली तीच दोन हुशार पोरं पुढे येतात. हजेरीपट मागा आणि प्रत्येक पाचवं नाव घ्या.

तिसरी-चौथीच्या पोरांना वाचायला द्यायचा उतारा दुसरीच्या तोडीचा असावा, आठ-दहा ओळींचा, आणि पाठ्यपुस्तकातला अजिबात नको. 'असर' या खेड्यापाड्यांतल्या पोरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात 2005पासून हेच करतात: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. मूल जिथे अडतं ती त्याची पायरी. घरचं जुनं मासिक चालेल, फक्त टाईप मोठा हवा.

पुस्तक का नको? माझ्याच वर्गात एक मुलगी होती, पहिला धडा घडाघडा वाचायची. मी खूश. एकदा वाचताना तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या शेळीकडे होतं आणि तोंड चालूच! पुस्तक डोळ्यांपुढे होतं, पण वाचत काहीच नव्हती. ऐकून ऐकून धडा पाठ झाला होता. मी शेवटच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. गप्प. दुसऱ्या शब्दावर ठेवलं. गप्प. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणजे चार महिने मला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक पोराला खालून वर, एकेक शब्द वाचायला लावते. तुम्हीही लावा. आणि वाचून झालं की विचारा, "यात काय झालं रे?" धडधड वाचून काहीच न सांगणारी पोरं तुम्हाला हमखास भेटतील.

गणिताला एकच उदाहरण पुरे: 52 वजा 27. उत्तर 35 आलं तर समजा, पोरानं 7 मधून 2 काढले, मोठ्यातून लहान. ही चूक आळसाची नाही, त्याला दशक कळलेलं नाही. उत्तर 25 आलं तरी लगेच शाबासकी देऊ नका. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवा आणि म्हणा, "यातल्या मला 27 दे." जे पोर आपण होऊन एका गठ्ठ्याचं रबर सोडतं, त्याला वजाबाकी येते. बाकीच्यांना पाच खोडून वर चार लिहायची रीत येते. काड्या नसतील तर चिंचोके घ्या, पण मग दहा-दहाच्या पुड्या बांधून न्याव्या लागतात.

जाताजाता "त्रेपन्न लिही" असंही सांगून बघा. कितीतरी पोरं 35 लिहितात, कारण कानाला तीन आधी ऐकू येतात. एकोणसत्तरला तर 79सुद्धा येतात. 2019मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' असं वाचन दिलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं विनोद केले. ज्यांनी वर्गात रोज 35 खोडून 53 करून दिलेत, त्यांना फारसं हसू आलं नसावं.

वह्या चाळा, पण लाल बरोबर मोजू नका. पाच वह्यांत एकाच जागी एकच चूक असेल, समजा 'पाऊस' सगळीकडे 'पाउस', तर ते फळ्यावरून उतरवलंय. पोराच्या स्वतःच्या वाक्यांचं एकतरी पान शोधा. वेड्यावाकड्या, चुकलेल्या, पण त्याच्या मनातल्या चार ओळी मिळाल्या तर त्या वर्गात शिकवलं जातंय.

आता शिकवण्याबद्दल. साठ पोरांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे चार वर्ग दोघांत. शिकवणं बघायला गेलेला माणूस शिक्षक उभा असतो तिकडे बघतो. तुम्ही दुसरीकडे बघा. गुरुजी चौथीला भागाकार सांगताहेत तेव्हा शेजारची तिसरी काय करतेय? "धडा उतरवून काढा" असेल तर तो तास गेला. जोड्या करून शब्दपट्ट्या लावत असतील, मोठं पोर धाकट्याला वाचून दाखवत असेल, तर गुरुजींनी आदल्या दिवशी तयारी केलीय, आणि तसं त्यांना तोंडावर सांगा. त्यांना असं कुणी सांगत नाही.

उणीव दिसली तर पोरांसमोर बोलू नका. ऑफिसात बसून विचारा, "ही तीन पोरं शब्दांवर अडलीत, यांच्यासाठी काय करायचं?" गुरुजी मतदारयाद्या, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी सगळं सांगतील. खरंच असतं ते. ऐकून घ्या, आणि मग परिपाठानंतरची रोजची वीस मिनिटं फक्त त्या तिघांसाठी मागा. जोडाक्षरांच्या पट्ट्या समितीतल्या बायका एका दुपारी कापून देतील.

तपासलेल्या सगळ्या पोरांची नावं, कुठं अडली ते आणि तारीख एका कागदावर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच पोरं, नवा उतारा. शेजारणीच्या पोराची तारीख मी कॅलेंडरवर टाकलीय. तोवर ते रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन मला मथळे वाचून दाखवणार आहे, खालून वर.