पावसाळ्यात कपाटात देवदार तेल वापरताय? या चुका टाळा

आर्द्रा लागल्या की कोकणातल्या कपाटांना कुबट वास सुटतो आणि घरात देवदार तेलाची बाटली येते. तेल चांगलंच आहे, पण त्याच्याकडून भलतंच काम मागितलं जातं. ते ओल शोषत नाही. कपाट जांभ्याच्या भिंतीला चिकटून असेल, तर मागच्या फळीला बुरशी येणारच. वर तेल शिंपडलं तर फार तर सुगंधी बुरशी मिळेल. आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, बुरशी पुसून फळी पूर्ण वाळवा, तळाशी कॅल्शियम क्लोराईडची ओलावा शोषणारी डबी ठेवा. तिच्यात पाणी साचतं, ते वेळच्या वेळी ओता. मगच तेल.

थेंब थेट फळीवर टाकू नका. पॉलिश मऊ पडून चिकट होतं आणि वर ठेवलेल्या साडीला तेलकट डाग पडतो. गणपतीत नेसायची पैठणी असेल तर डाग घरी घासत बसू नका, ड्रायक्लीनिंगला द्या. त्यापेक्षा बिनपॉलिशचा बोटभर लाकडी तुकडा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पाच-सहा थेंब जिरवा आणि रात्रभर उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी मलमलच्या पुरचुंडीत बांधून, कपड्यांना टेकणार नाही असा दांडीला टांगा. वास मंदावला की पुन्हा घासून थेंब टाका.

कसर आधीच लागली असेल तर नुसत्या वासाने ती जात नाही. कपडे धुऊन, कडक वाळवून, इस्त्री करूनच आत ठेवा. वाळवीला तर हा उपाय नव्हेच.

पाण्यावर चालणारा डिफ्यूजर, म्हणजे सुगंधी वाफ सोडणारं यंत्र, बंद खोलीत लावणं म्हणजे जुलैत आणखी ओलावा सोडणं. शिवाय हे तेल दाट. यंत्रातल्या वाफ करणाऱ्या चकतीवर थर बसून वाफ कमी येते.

शुद्धतेसाठी लोक कागदावर थेंब टाकून डाग राहतो का पाहतात. देवदार तेल हळू उडतं, त्यामुळे अस्सल तेलाचाही डाग बराच काळ राहतो. त्यापेक्षा लेबल वाचा: हिमालयातला देवदार म्हणजे ‘सेड्रस देवदारा’. ‘जुनिपेरस व्हर्जिनियाना’ लिहिलं असेल तर ते अमेरिकेतल्या वेगळ्याच झाडाचं तेल, वासही निराळा.

अंगाला लावायचं तर 30 मिली खोबरेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. थंडीत खोबरेल थिजलेलं असेल तर आधी पातळ करून घ्या, नाहीतर तेल नीट मिसळत नाही. बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची हवी; रबरी ड्रॉपर लावून ठेवला तर रबर फुगतं.