टीजेतली चार वर्षं: नव्याने येणाऱ्या आईबाबांसाठी

आम्ही व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहायला आलो, त्या वर्षी पहिल्याच गणपतीत आरतीनंतर एका काकूंनी मला विचारलं, "मुलगी कितवीत? चौथीत? मग टीजेची तयारी सुरू केली असेल!" मला टीजे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पुढे मुलगी तिथेच गेली आणि २०२५ मध्ये बाहेर पडली. आता ओळखीतलं कुणी नवीन आलं की मला फोन येतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. १९८५ साली सुरू झालेली, विज्ञान-तंत्रज्ञानावर भर असलेली सरकारी मॅग्नेट शाळा, म्हणजे एका विषयावर भर देणारी आणि लांबलांबची मुलं निवडून घेणारी. फी नाही. फेअरफॅक्सबरोबर लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्च इथली मुलंही येतात. नववी ते बारावी, दर वर्षी साधारण ५५० जागा.

सगळ्यांचा पहिला प्रश्न रँकिंगचा असतो. एका प्रसिद्ध राष्ट्रीय यादीत ही शाळा २०२० पासून सलग तीन वर्षं पहिली होती, २०२४ च्या यादीत चौदावी आली, आणि त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. मला त्या आकड्याचं फार वाटत नाही. मुलं आठवीतच निवडून घेतलेली असतात. त्यांचे परीक्षांचे निकाल चांगले लागणारच. शाळेने त्यात काय भर घातली, हे यादीत दिसत नाही. ते बघायचं तर मुलं तिथे दिवसभर काय करतात ते बघा.

नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञान हे तीन विषय एकत्र जोडून शिकवतात आणि त्याच मुलांचा गट तिन्ही तासांना बरोबर असतो. पदवीसाठी कॅल्क्युलसपर्यंत गणित करावंच लागतं, कॉम्प्युटर सायन्सही सक्तीचं. बुधवारी आणि शुक्रवारी 'एट्थ पिरियड' असतो, त्यात क्लब, व्याख्यानं, नाहीतर शिक्षकांकडे जाऊन अडलेलं विचारणं. आणि बारावीत संशोधन. प्रत्येक मूल एका प्रयोगशाळेत वर्षभर स्वतःचा प्रकल्प करतं. इथल्याच मुलांनी बनवलेला छोटा उपग्रह २०१३ मध्ये अवकाशात गेला, हायस्कूलच्या मुलांनी बनवलेला तो पहिलाच. माझी मुलगी समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिचं मोजमापाचं उपकरण डिसेंबरपर्यंत चुकीचे आकडे देत होतं. ती रोज रात्री जेवताना त्याच्याबद्दलच बोलायची आणि कंटाळायची नाही. तुमच्या मुलाला असं काही एका गोष्टीत महिनोन्महिने अडकून राहणं आवडत असेल, तर ही शाळा त्याची आहे. नुसते मार्क चांगले असतील, तर मी दोनदा विचार करा म्हणेन.

कारण मार्क तिथे घसरतात. मिडल स्कूलमध्ये सतत 'ए' मिळवलेल्या माझ्या मुलीला नववीच्या पहिल्या सहामाहीत गणितात 'सी' आला. मी त्या रात्री जे बोलले ते बोलायला नको होतं. "बाकीच्यांना कसं जमतं?" हा प्रश्न आपल्या तोंडून किती सहज निघतो! तिने मला तीन आठवडे शाळेतलं काही सांगितलं नाही. नंतर कळलं, वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची तीच गत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की एकट्यालाच जमत नाही. तेव्हा प्रवेशाचं पत्र आलं की पेढे जरूर वाटा, पण त्याच आठवड्यात मुलाला हेही सांगून ठेवा की पहिल्या वर्षी 'बी', 'सी' आला तर घरात कुणी रागावणार नाही. आणि तो शब्द पाळा.

आता प्रवेशाचं. जुनी माणसं अजून प्रवेशपरीक्षेच्या गोष्टी सांगतात. ती परीक्षा आणि शंभर डॉलर फी २०२० च्या अखेरीस बंद झाली. आता किमान ३.५ जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी, 'ए' म्हणजे ४), आठवीपर्यंत निदान अल्जेब्रा वन (बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम), आणि शाळेत बसून लिहायचे निबंध: मुलाची स्वतःबद्दलची उत्तरं आणि गणित-विज्ञानाचा एक प्रश्न सोडवून दाखवणं. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा त्या शाळेसाठी राखलेल्या असतात, उरलेल्या जागांसाठी सगळ्यांची स्पर्धा. घरची आर्थिक स्थिती, इंग्रजी नव्याने शिकत असणं, अशा गोष्टीही विचारात घेतात.

या पद्धतीची पहिली बॅच माझ्या मुलीची. आधीच्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ७३ टक्के मुलं आशियाई होती, तिच्या वर्षी सुमारे ५४. हिस्पॅनिक सुमारे ११ टक्के, कृष्णवर्णीय ७, गोरी २२. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं एका टक्क्याहूनही कमी होती, ती २५ टक्के झाली. या बदलाविरुद्ध पालकांच्या एका गटाने खटला भरला. २०२२ मध्ये ते जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

आपल्या लोकांत यावर फार कडवट बोललं जातं, आणि मुलं ते ऐकत असतात. ज्यांच्या मुलाची संधी थोडक्यात हुकली त्यांचं दुःख मला कळतं. पण नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, हे आपण लहानपणापासून स्वीकारलेलं आहे. इथला दीड टक्का मला त्याच जातीचा वाटतो. आणि 'आशियाई' म्हणजे फक्त आपण नव्हे. कमी उत्पन्नाच्या आशियाई घरांतलं आधीच्या वर्षी एकच मूल निवडलं गेलं होतं, नव्या पद्धतीत ५१. माझ्या मुलीच्या गटातल्या एका मैत्रिणीचे आईवडील दोन-दोन पाळ्या करायचे. तिच्या मिडल स्कूलमधून टीजेला जाणारं कुणी तिला माहीतही नव्हतं. नववीत चाचपडणारी ती मुलगी बारावीत माझ्या मुलीला आकडेवारीचं विश्लेषण शिकवत होती.

क्लासबद्दल विचाराल, तर आम्ही सहावीत एका क्लासला बरेच पैसे भरले. परीक्षाच गेली, पैसे परत मिळाले नाहीत. आज निबंधांचेही क्लास निघालेत. त्यापेक्षा मुलाला शाळेत काय आवडतं, का आवडतं, कुठे अडलं आणि मग काय केलं, हे त्याच्या शब्दांत लिहायची सवय लावा.

शेवटचं, बसचं. लाउडनमधल्या ॲशबर्नच्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा चारही वर्षं सहाच्या आधी उठला आणि क्लब असलेल्या दिवशी अंधारात घरी आला. लाउडनमध्ये राहत असाल तर लीसबर्गच्या अकॅडमीज ऑफ लाउडनलाही अर्ज करा. आणि सातवीच्या उन्हाळ्यातच एकदा सकाळच्या ट्रॅफिकमध्ये मुलाला शेजारी बसवून ब्रॅडक रोडपर्यंत, म्हणजे टीजेच्या दारापर्यंत, गाडी चालवत जा. परत येताना त्याला विचारा, जायचंय का. माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या मुलीने नाही म्हटलं. ती आता घराजवळच्या शाळेत ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते.